देवकीबायच्या टीव्हीवरची धूळ

पाववाला पोदेर उंडे देऊन गेला, चहा उतरला, आणि देवकी मागच्या पडवीत तांबड्या भाजीच्या जुड्या बांधायला बसली. उद्या बुधवार, डिचोलीचा बाजार. जुड्या बांधायचं केळीचं सोप रात्रीच पाण्यात भिजत टाकलेलं होतं. एक पट्टी ओढायची, मुठीत मावेल एवढी भाजी धरायची, दोन वेढे, एक गाठ. या कामाला डोळे लागत नाहीत, हात लागतात. हात आपले आपण चालत होते आणि पुढच्या रस्त्यावरून मायनिंगचे ट्रक एकामागून एक जात होते.

ट्रक सुरू झाले की पुढचं दार बंद. मुळगावात हा नियम कुणी घालून दिलेला नाही. मधली काही वर्षं खाण बंद होती तेव्हा दारं दिवसभर उघडी राहायला लागली होती; खाण परत सुरू झाली आणि आठवड्याभरात सगळी पुन्हा लागली. तरी धूळ यायची ती येतेच. तांबूस, नाचणीच्या पिठासारखी. खिडकीच्या, म्हणजे जनेलाच्या, फटीतून येते, कौलांखालून येते, देवाच्या फोटोंवर बसते, धुतलेल्या पेल्यांच्या तळाशी बसते.

आणि टीव्हीवर बसते. देवकीचं म्हणणं असं, की टीव्हीवर बसली तेवढी कशावरच बसली नाही. खाण सुरू झाली त्याच सुमाराला टीव्हीतल्या माणसांची तोंडं पुसट व्हायला लागली. साडीचे काठ दिसत, मागचा जिना दिसे, पण ज्याच्याकडे बघावं त्याचं नेमकं तोंडच बोटाने पुसल्यासारखं. तिने ओल्या फडक्याने काच पुसली, मग कोरड्याने, मग लिंबाच्या पाण्याने. केबलवाल्याला दोनदा बोलावलं. तो छपरावरची वायर बदलून गेला. शेवटी तिने मडगावला मुलाला, साईशला, फोन केला.

"टीव्हीत धूळ गेली रे. माणसांची तोंडां कळनत."

आई कधी काही मागत नाही, तेव्हा साईशने ते मनावर घेतलं. पुढचे पंधरा दिवस फोनवर दुसरा विषय नव्हता. त्याला पंचावन्न इंची हवा होता. देवकीने नवऱ्याची जुनी टेप काढून मापं घेतली आणि सांगितलं, माझी खुर्ची, ते कदेल, भिंतीपासून नऊ फुटांवर आहे, एवढा मोठा आणलास तर मला ओसरीवर बसून बघावा लागेल. त्रेचाळीसवर तडजोड झाली. साईश म्हणाला, एचडी घेऊ, माणसाच्या कपाळावरचा घाम दिसतो. देवकी म्हणाली, घाम नको, तोंड दिसलं म्हणजे पुरे.

टीव्हीपलीकडचं मात्र तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. सुईत दोरा आता शेजारची मालती ओवून देते, हे नाही. बाजारात गिऱ्हाईक बोलल्याशिवाय ते कोण आहे हे कळत नाही, हेही नाही. प्रत्येकाला तिच्याकडे कारण होतं. सुया आता पूर्वीसारख्या येत नाहीत. बाजारात ऊन तोंडावर येतं. आणि सगळ्यांवर धूळ.

न सांगण्यालाही कारण होतं. चवथीच्या आदल्या दिवशी विहिरीकडची पायरी चुकून तिचा पाय मुरगळला होता. साईश आला, डॉक्टरांकडे नेऊन आणलं, पट्टी झाली, आणि निघताना तो दारात उभा राहून अगदी हळू आवाजात म्हणाला होता, "आई, ह्या शेवटचां. आनी एकदां कायय झालां तर मी घराक कुलूप घालतलों आनी तुका मडगावाक व्हरतलों. मगे तुझां आयकूचो ना." साईश ओरडला असता तर तिने सोडून दिलं असतं. तो हळू बोलला की करतो.

कुलूप. त्या शब्दासरशी तिला मडगावचा चौथा मजला दिसायचा. सून शीतल प्रेमळ, नात कोमल तर जीव. पण तिथे देवकीने करायचं काय? पेडण्याकडून एकोणिसाव्या वर्षी ती या घरात आली. नवरा, गोकुळदास, स्वतःचा ट्रक चालवायचा. खाण बंद पडली तसा ट्रक फणसाखाली उभा राहिला, गंजला आणि एक दिवस भंगारात गेला. त्याच्या पाठोपाठ चार वर्षांत गोकुळदास. त्या सगळ्या वर्षांत हे घर चाललं ते मागच्या मळ्यातल्या भाजीवर. साईशचा डिप्लोमा त्या भाजीवर झाला. डिचोलीच्या बाजारात पिंपळाजवळची जागा देवकीची आहे हे पोलिसालासुद्धा ठाऊक आहे. तिथून उठवून तिला कुणी सोफ्यावर बसवलं तर ती बसेल, पण ती देवकी राहील का, हे तिला सांगता येत नव्हतं.

पुढच्या दारावर थाप पडली.

हातातली जुडी अर्धी राहिली. टीव्हीवाला अकराला येणार होता, आता नऊही झाले नव्हते. परत थाप, या वेळी दोनदा. पदराला हात पुसत ती पुढे आली, कडी काढली. बाहेरचं ऊन आत घुसलं आणि त्या उन्हात एक माणूस उभा होता. खाकी पँट, खांद्याला पिशवी, शेजारी उभा केलेला मोठा खोका. तोंड नव्हतं.

"मावशे, मी कृष्णनाथ. म्हापशाच्या दुकानातसून टीव्ही घेवन आयलों. लवकर आयलों काय?"

आवाज चाळिशीतला, शांत, आणि बोलणं पेडण्याकडचं. माहेरचा आवाज ऐकून तिला थोडं बरं वाटलं.

"ये, ये. बेगीन दार ओढ, धूळ येता."

तो आत आला, खोका भिंतीला टेकवला, चपला बाहेर काढायला परत गेला. हेही तिला आवडलं. मग तो खोलीच्या मधोमध उभा राहून चारही बाजूंना बघत राहिला, स्वयंपाकाला आलेला आचारी आधी चूल बघतो तसा.

"तुमी खंय बसून बघतात?"

"ह्या कदेलार."

"मगे बसा. रोज बसतात तशा बसा, फोटोक बसल्यासारख्या नको."

ती बसली. त्याने टेप काढून तिच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मोजली आणि तीच उंची समोरच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली. "टीव्हीचो मदलो भाग तुमच्या डोळ्यांच्या रांगेत येवंक जाय. लोक छपराकडे लायतात आनी मगे मान धरली म्हणून आमकां फोन करतात."

मग त्याने पिशवीतून निळी भुकटी भरलेली दोरीची डबी काढली. दोन टोकांना दोन खिळे, मध्ये ताणलेली दोरी. चिमटीत धरून ओढली आणि सोडली. टण्ण. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर निळी रेघ उमटली.

देवकी कदेलातून बघत होती. दोन्ही टोकांना रेघ ठीक होती. मधे मात्र ती खाली बसली होती, खाट बसते तशी.

"मदीं खाली गेली ती," ती म्हणाली.

"कोण?"

"रेघ."

कृष्णनाथने पाण्याची पट्टी काढून रेघेवर धरली. आतला बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला. त्याने तो तिला दाखवला. तिला पट्टी दिसली, बुडबुडा दिसला नाही. "बराबर आसा," तो म्हणाला.

"परत मार जाल्यार. एकदां भोंकां पडलीं की पडलीं."

त्याने रेघ पुसली, दोरी परत ताणली, या वेळी एवढी की खिळा किरकिरला. टण्ण. देवकीने डोळे मिचकावले. रेघ मधे पुन्हा खाली बसली होती, त्याच जागी.

"भिंत जुनी आसा," ती म्हणाली. "भिंतच वाकडी आसतली."

"भिंत वाकडी आसली तरी रेघ वाकडी येवची ना, मावशे. दोरी ताणलेली." तो हे समजावून सांगत होता, वाद घालत नव्हता. पण नंतर त्याने भिंतीकडे न बघता थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. तोंड दिसत नसलं तरी माणूस आपल्याकडे बघतोय हे कळतं. देवकीने मान वळवली आणि म्हणाली, "घाल भोंकां."

ड्रिल सुरू झालं. त्या आवाजाला मागच्या दारातून मालती आली. मालती दोडामार्गाकडची, नवरा ट्रकवर, म्हणून इथे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलेली. संध्याकाळी सातची मालिका ती देवकीकडेच बघते आणि जुना टीव्ही आपल्याला मिळावा म्हणून तिने पंधरा दिवसांपूर्वीच शब्द टाकून ठेवला होता.

"वयनी, ह्यो काढलो काय? मगे माझो झालो," खाली जमिनीवर ठेवलेल्या जुन्या टीव्हीवर तिने हात ठेवला. "भाऊ, ह्यो चालता काय नाय तां माका बघूचा असा. वयनी म्हणता आत धूळ गेली."

"धूळ गेल्याचो टीव्ही मी आजपावत बघूंक ना," कृष्णनाथ म्हणाला आणि त्याने जमिनीवरच त्याची वायर जोडली.

टीव्ही लागला. कालच्या भागाचं पुनःप्रक्षेपण चाललं होतं. मालती उकिडवी बसली आणि मग एकदम मागे सरली.

"शिरा पडो, ह्यो तर लख्ख दिसता. ही बग धाकली सून. नाकातली मोरणी पन दिसता." ती वळली. "वयनी, तुमका काय दिसनां नाय ह्याच्यात? म्हणूनच रोज माका इचारतंत, ही खयची, ती खयची? मी आपली समजलंय, वयनीक आता इसराक होवक लागला."

ती हसली. देवकीही हसली, कारण हसणं भाग होतं. तिने वाकून बघितलं. हिरवी साडी होती. गळ्यात काहीतरी पिवळं होतं. वर जिथे नाक असायला हवं तिथे धुरकट वर्तुळ होतं, आणि नाक नाही तर मोरणी कुठून.

जुना टीव्ही ठीक होता. मालतीला दिसत होतं. आणि मालती दर रविवारी शीतलशी फोनवर अर्धा तास बोलते.

"दिसता गो," देवकी म्हणाली. "सकाळचा बरां दिसता. सांजेक वायट दिसता. तू जा, घरात जागा कर. भाऊ परत वचताना तुझ्याकडे पावयतलो."

"इतक्या बेगीन?"

"मगे काय, तुझ्या टेबलार उंदरांनी संसार मांडलो आसा तो तसोच दवरून टीव्ही ठेवतली?"

मालती हसत गेली. देवकीने मागच्या दाराला कडी घातली. कृष्णनाथने तेही बघितलं.

नवा टीव्ही भिंतीवर चढला. काळा, पातळ, आरशाएवढा गुळगुळीत. देवकी कदेलात बसली, दोन्ही हात मांडीवर. जुन्यात काही बिघाड नसेल, ती स्वतःला सांगत होती, पण तो लहान होता. हा मोठा आहे. मोठ्यात मोठं दिसेल.

केबलची पेटी जोडून झाली. बातम्या लागल्या. बाईच्या निळ्या कोटावरचं बटण स्वच्छ दिसलं. वर धुरकट वर्तुळ.

"पेटी जुनी आसा म्हणून काय?" तिने विचारलं. "साईश म्हणालो, पेटीय एचडी जाय."

"पेटी साधी आसा, तां खरां. साध्या पेटीवर एचडी टीव्हीय साधोच दिसता." हे ऐकून तिने श्वास सोडला. तोवर त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला होता. "ह्यात दुकानातलां चित्र आसा. ह्याका पेटी लागना. टीव्हीची खरी ताकद ह्यात कळतली."

पडद्यावर फांदी आली. फांदीवर पोपट. कोपऱ्यातल्या पानावर पाण्याचा थेंब होता आणि त्या थेंबाच्या कडेला उजेडाची बारीक रेघ होती. इतकं स्वच्छ तिने कित्येक महिन्यांत काही बघितलं नव्हतं. तिने पोपटाच्या डोळ्याकडे बघितलं. डोळा नाहीसा झाला.

"उजेड पडता पडद्यार," ती घाईने म्हणाली. "तां जनेल लाय."

कृष्णनाथने जनेल लावून घेतलं. खोली अंधारली, चित्र आणखी झळाळलं. तिने परत पोपटाकडे बघितलं. मग, का कोण जाणे, नजर कोपऱ्यातल्या थेंबाकडे नेली. वर्तुळ पोपटावरून उठलं आणि थेंबावर जाऊन बसलं. पोपटाचा डोळा बाजूने दिसायला लागला, थेंब गेला. तिने नजर खाली नेली, वर्तुळ खाली आलं. वर नेली, वर.

डाग टीव्हीवरचा असता तर तो तिच्या मागे फिरला नसता.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तिला पाच वर्षांपासून माहीत होतं. पिकला की काढू, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि चालतंय तोवर चालवायचं ठरवून तिने तो डोळा सोडून दिला होता. काम चालत होतं ते डाव्यावर. वर्तुळ होतं ते डाव्यात.

फोन वाजला. साईशचा, व्हिडिओवर. कृष्णनाथने तो उचलून तिच्या हातात दिला.

"आई, लागलो काय? कसो दिसता?"

"बरो दिसता."

"तोंडां कळतत आता?"

"कळतत." तिने फोन थोडा लांब धरला.

"थांब, कृष्णनाथबाबांक सांग, मी एक फोटो धाडतां, तो मोठ्यार लाव. कोमलच्या शाळेतल्या कार्यक्रमाचो."

कृष्णनाथने फोटो पडद्यावर घेतला. तीन माणसं. मधलं लहान, दोन वेण्या. ती कोमल, यात चूक नव्हती. एका बाजूला उंच, पांढरा शर्ट, साईश. दुसऱ्या बाजूला जांभळी साडी, सोनेरी बुट्टे. ती साडी देवकीनेच गेल्या पाडव्याला शीतलला नेसवली होती. तिने साडीवरून वर बघितलं. वर्तुळ. बाजूने बघायचा प्रयत्न केला तर फक्त डोक्याचा धुरकट आकार.

"बघ, कितें मोठां दिसता," साईश म्हणत होता. "कोमलच्या बाजूक कोण आसा तां वळख."

"शीतल मगे," देवकी म्हणाली. "माझी साडी नेसल्या ती."

साईश मोठ्याने हसला. "आई, शीतलची आई ती. शीतलान साडी तिका दिली त्या दिसापुरती." मग हसणं मध्येच थांबलं. "आई? तू विहिणीक वळखूंक ना? केस पांढरे आसत तिचे."

साडी सांगता येते, आवाज सांगता येतो, केस कुठून आणायचे?

"साहेब," कृष्णनाथ मागून म्हणाला, "जनेल उघडां आसा. उजेड सामको पडद्यार पडता, माकाय नीट दिसनां."

जनेल त्याने स्वतःच्या हातांनी लावून दहा मिनिटंही झाली नव्हती.

"हां, तसां काय," साईश म्हणाला. "आई, पडदो घे एक जाड. मी सांजेक परत फोन करतां, मगे बघया." शेवटच्या दोन शब्दांत त्याचा आवाज हळू झाला होता.

फोन बंद झाला. कृष्णनाथ जमिनीवर बसला आणि स्क्रू एकेक करून डबीत टाकायला लागला.

"कित्याक सांगलां तसां?" देवकीने विचारलं.

"तुमच्या डोळ्यांचां पुताक सांगूचो माका काय अधिकार?" तो म्हणाला. मग त्याने रिकाम्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, मांडीवर घेतला, आणि निळ्या दोरीने त्यावर रेघा मारल्या. सहा उभ्या, सहा आडव्या. मधल्या चौकटीत पेन्सिलीने जाड ठिपका. "म्हापशाक एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी टीव्ही लायलो. ताच्या बाजूक भिंतीर असो तक्तो आसलो. थंयच्या नर्सबायन माका बसवन दाखयलां. उजवो डोळो झाक. ठिपक्याकडे बघ."

‘तुमी’वरून तो ‘तू’वर कधी आला हे त्यालाही कळलं नाही.

देवकीने तळहाताने उजवा डोळा झाकला. कडेच्या रेघा सरळ होत्या. मधल्या आत ओढल्या गेल्या होत्या, जाळ्यात मासा अडकला की दोऱ्या एका जागी ओढल्या जातात तशा. ठिपका नव्हता.

"वाकड्यो आसत," ती म्हणाली.

"मी दाक्तर न्हय, मावशे. भिंतीर टीव्ही लायतां. पण नर्सबायन सांगलां तां माका याद आसा. रेघो वाकड्यो दिसल्यो तर थांबूंक नजो, दाक्तराकडे वचूंक जाय. आज, नाजाल्यार फाल्यां. म्हयनोभर थांबलां तर काय जाणांची नजर जाता ती परत मेळना."

"साईशाक सांगू नको."

"मी सांगचो ना. म्हणून तर जनेल म्हटलां. पण तू सांग."

"सांगलां तर तो घराक कुलूप घालतलो." आणि मग तिने त्याला, आज सकाळी ज्याचं नावही माहीत नव्हतं त्याला, सगळं सांगितलं. विहिरीची पायरी, साईशचा हळू आवाज, चौथा मजला, पिंपळाजवळची जागा. तो पुठ्ठा हातात धरून ऐकत राहिला. तोड काढून देण्याचा आव त्याने आणला नाही.

"तुझ्या पुताचां माका कळना," शेवटी तो उठला. "पण गप रवलंय तर घर उरतलां, आनी तां तुका दिसूचां ना. ताका काय अर्थ?"

त्याने झाडू मागितला, स्वतः पाडलेला चुना स्वतः गोळा केला, जुना टीव्ही उचलला आणि गेला. दार त्याने ओढून घेतलं, धुळीच्या बेताने.

देवकी मागच्या पडवीत येऊन भाजीपुढे बसली. सोप उचललं, मूठ धरली, दोन वेढे, गाठ. हात चालत होते. संध्याकाळी साईश परत फोन करेल, तेव्हाचं बोलणं ती मनात जुळवायला लागली. पडदा लावला म्हणायचं. फोटो धाडला तर आधी मालतीला विचारून घ्यायचं. मालतीला चष्मा हरवला असं सांगायचं. जमलं असतं. इतके महिने जमलंच होतं. शिमग्यापर्यंत जमेल, कदाचित पावसापर्यंत. तोवर पोपटाचा डोळा गेला तसं पान जाईल, मग फांदी. मग भाजी आणि तण यांतला फरक हातांना कळेल का? कोवळी तांबडी भाजी आणि कोवळं रानगवत बोटांना सारखंच लागतं. तिने दोन्ही उचलून बघितलं. सारखंच लागलं.

ती उठली, हात धुतले. फोनवर साईशचा फोटो वर डाव्या कोपऱ्यात असतो, तिथे बोट ठेवलं.

"आई? कामार आसां. कितें जालां?"

"साईशा, टीव्हीक काय जावंक ना. पयल्याकय जावंक नाशिल्लां. माझ्या डोळ्याक जालां. डाव्या. मदीं दिसनां माका. विहिणीचां तोंड दिसूंक ना, तुझांय दिसनां. कृष्णनाथान जनेल म्हटलां तां माकां सांबाळूंक म्हटलां."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"केन्नासून?"

"खाण परत सुरू जाली तेन्नासून."

"आई, तां आठ म्हयने जाले." आणि तो हळू बोलायला लागला. तिला ज्याची भीती होती त्या आवाजात. "मी आता सुटतां. दोन तासांत थंय पावतां. कपडे भर तुझे. औषधां, कागद, सगळां. आनी घराची चावी..."

"आयक," देवकी म्हणाली. तिचा आवाज त्याच्याइतकाच हळू झाला होता. "येवंक जाय तर ये. आज दाक्तराकडे व्हर, नाजाल्यार फाल्यां, बुधवारचो बाजार चुकलो तर चुकूं. दाक्तर सुई मारूंदी, कापूंदी, परत परत बलावंदी, मी येतलंय. कुरकुर करूंचंय ना. तू म्हणशी तितले फावट गाडयेत बसतलंय."

"आई..."

"माका एकच जाय. दरेक फावटी दाक्तराचां काम जालां की सांजेक माका परत हंय, माझ्या घराक, हाडून सोड."